शनीची दृष्टी आणि शनिवारची गोळी

जालना जिल्ह्यात आजारपण लांबले की औषधांच्या चिठ्ठीशेजारी पत्रिकाही उघडली जाते. प्रत्येक ग्रहाची सातव्या स्थानावर दृष्टी असते. शनीला तिसरी व दहावी अधिक. ती षष्ठावर, म्हणजे रोगस्थानावर, पडली की दीर्घ व्याधी सांगतात. साठीनंतर ती कोणाला चुकते? पुण्यात २००८ साली डॉ. जयंत नारळीकर व सहकाऱ्यांनी २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या. मूल हुशार की बौद्धिक अक्षमता असलेले, एवढेच ओळखायचे होते. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणेफेकीहून अधिक नाहीत. शांती केल्याने मन स्थिरावत असेल तर जरूर करावी. मात्र शनिवारच्या उपवासातही रक्तदाबाची गोळी चुकवू नये. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन असल्यास उपवासाआधीच डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी.