अभ्यासक्रम ठरवणार कोण?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले आणि १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे मराठवाड्यातील सामान्य घरांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे या विद्यापीठाच्या कक्षेत येतात, आणि तेथील अनेक विद्यार्थी आपल्या कुळातील पहिलेच पदवीधर ठरतात. दार उघडले खरे; परंतु आत काय शिकावयाचे, हे ठरविताना त्यांना विचारले जाते काय?

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्याला मुख्य व दुय्यम विषय निवडण्याची मुभा दिली आहे. ती स्वागतार्ह असली तरी वाढलेल्या ताटातील पदार्थ निवडणे वेगळे आणि स्वयंपाक काय करावा, हे सांगणे वेगळे. शिवाय जेथे विषयाला प्राध्यापकच नाही, तेथे ही निवड कागदावरच राहते.

स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यास मंडळांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जी रचना आखली, तीत उद्योगक्षेत्राचा प्रतिनिधी आहे, गुणवंत माजी विद्यार्थीही आहे. म्हणजे जो वर्गातून बाहेर पडला त्याला आसन आहे. जो आज बाकावर बसला आहे त्याला मात्र नाही.

विद्यार्थी अपरिपक्व असतो, त्याला सोपे तेवढेच हवे असते, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. तथापि औषध वैद्याने ठरवावयाचे असले, तरी दुखते कोठे हे रोग्यालाच सांगावे लागते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी क्रमिक पुस्तकापाशी कोठे अडखळतो, वेरूळ हाकेच्या अंतरावर असता शिल्पकला केवळ टिपणांतून का शिकावी लागते, हे त्याच्याइतके नेमके कोण सांगणार? मध्ययुगीन बोलोन्यात तर पाठ्यभाग अपुरा ठेवणाऱ्या अध्यापकाला विद्यार्थिसंघ दंड करीत असे! तितके टोक गाठण्याचे कारण नाही.

प्रत्येक अभ्यास मंडळावर शिकत असलेले दोन विद्यार्थी असावेत, त्यांतील एक ग्रामीण महाविद्यालयातील असावा. आराखडा मंजुरीपूर्वी मराठीतून महाविद्यालयांत वाचला जावा, आणि सूचना नाकारली गेल्यास तिचे कारण लेखी कळविले जावे. अंतिम निर्णय अध्यापकांचाच राहील. मात्र ज्याच्या आयुष्याची तीन-चार वर्षे त्या निर्णयाला वाहिली जातात, त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून तो होऊ नये.