फरशी कोण बदलतं?

घराची फॅशन टीव्ही मालिकांतून येते, असं सर्रास म्हटलं जातं. पनवेलच्या जुन्या गावातून नवीन पनवेलच्या सिडको वसाहतीत येताना मात्र दुसरंच काही दिसतं. आधी मंगलोरी कौलं, मग सिमेंटचा स्लॅब. पायाखाली शहाबादी, मग मोझॅक आणि आता व्हिट्रिफाइड टाइल. हा क्रम आवडीचा कमी, हिशेबाचा जास्त. मोझॅक बसवल्यावर जागेवरच घासून पॉलिश करावी लागते, त्यात कारागिरांचे दिवस मोडतात. व्हिट्रिफाइड टाइल कारखान्यातूनच चकचकीत येते, पाणी जेमतेम अर्धा टक्का शोषते आणि पाया पक्का असेल तर जुन्या फरशीवरही चिकटवता येते. मजुरी महागली, तशी ती लोकांना ‘सुंदर’ वाटू लागली.

यावर कुणी म्हणेल, ऐपतदार माणसं निव्वळ हौसेनंही घर बदलतातच की! बदलतात, पण हौस बहुधा रंग ठरवते, साहित्य खर्च ठरवतो. गच्चीवरचा पत्रा कुणाच्याच स्वप्नातला नसतो, तरी कोकणच्या पावसात गळका स्लॅब झाकायला तोच परवडतो. आणि हिशेब चुकला की पाऊस तो दुरुस्त करतो. स्वस्त मॉड्युलर किचनमधला पार्टिकल बोर्ड म्हणजे राळेत दाबलेला लाकडाचा चुरा. कडेतून ओल शिरली की तो फुगतो आणि वाळला तरी पूर्ववत होत नाही. लॅमिनेट चढवल्यावर मरीन प्लाय आणि तो सारखेच दिसतात, हीच गोम. म्हणून पनवेलकरांनी फॉल्स सीलिंगआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्यावं, आणि निदान सिंकखाली तरी मरीन प्लायच मागावा.