शेडमधलं इंजिन: ठेवायचं की विकायचं?

अमेरिकी लष्कराचा अडीच टनी ट्रक तिथे ‘ड्यूस अँड अ हाफ’ या लाडक्या नावाने ओळखला जातो. मिशिगनमधल्या लॅन्सिंगच्या रिओ कंपनीने १९५० च्या सुमारास तो आणला आणि व्हिएतनामसह अनेक रणभूमींवर तो राबला. लष्कराने निवृत्त केलेले हे ट्रक लिलावातून हौशी लोकांकडे आले. त्यातलं एम-३५ए२ हे मॉडेल पाळणाऱ्या अनेकांच्या शेडमध्ये ट्रकाशेजारी आणखी एक वस्तू असते: लाकडी ठोकळ्यांवर बसवलेलं, ताडपत्रीखाली झाकलेलं जादा इंजिन. कधीतरी स्वस्तात मिळालं म्हणून घेतलेलं. ट्रकातलं इंजिन ठणठणीत चालतंय, शेडमध्ये जागा अपुरी पडतेय आणि गिऱ्हाईक दारात उभं आहे. अशा वेळी हे इंजिन ठेवावं की विकावं?

बहुतेक जण याचं उत्तर मनाच्या कौलाने देतात. पण धातूशास्त्र आणि संभाव्यतेचं गणित या प्रश्नावर बरंच काही सांगू शकतं, आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे.

आधी हे इंजिन नेमकं काय आहे ते पाहू, कारण साध्या डिझेल इंजिनासाठी एवढा विचार करायची गरज पडली नसती. या ट्रकातलं एलडीटी-४६५ हे सहा सिलिंडरचं, सुमारे ७.८ लिटरचं, टर्बो लावलेलं आणि १४० अश्वशक्तीच्या आसपास ताकद देणारं इंजिन. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे ते ‘मल्टिफ्युएल’ आहे. डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन आणि वेळ पडली तर पेट्रोलसुद्धा त्याला चालतं. युद्धात टँकर कोणतं इंधन घेऊन पोचेल याचा भरवसा नसतो, म्हणून लष्कराला असं इंजिन हवं होतं.

यामागचं तंत्र जर्मन आहे. नेहमीच्या डिझेल इंजिनात नोझल इंधनाचा फवारा तापलेल्या हवेत मारतं. थोडं इंधन साचतं, मग ते सगळं एकदम पेट घेतं. डिझेलची ओळखीची टकटक त्यातूनच येते. १९५० च्या दशकात न्युरेंबर्गच्या एमएएन कंपनीतले सिगफ्रीड मॉयरर यांनी वेगळा मार्ग शोधला. त्यांनी पिस्टनच्या माथ्यात गोलाकार पोकळी ठेवली, आत येणाऱ्या हवेला जोरदार चक्राकार गती दिली आणि जवळजवळ ९५ टक्के इंधन हवेत न उडवता त्या पोकळीच्या भिंतीवर पातळ थराने पसरवलं. हवेत राहिलेलं थोडंसं इंधन आधी पेटतं. भिंतीवरचं इंधन तापून त्याची वाफ होत जाते आणि फिरणारी हवा ती वाफ थोडी थोडी उचलून जाळत नेते. म्हणजे ज्वलनाचा वेग बाष्पीभवन ठरवतं. पेट्रोल दाबाखाली आपणहून पेटायला उशीर लावतं, पण या रचनेत त्या उशिराचा भडका होत नाही. शिवाय एलडीटी-४६५ मध्ये हवा २२ पट दाबली जाते, त्यामुळे हट्टी इंधन पेटवण्याइतकी उष्णता आत तयार असते.

इंधन बदललं की ताकदही बदलायला हवी, कारण एक लिटर पेट्रोलमध्ये एक लिटर डिझेलपेक्षा कमी ऊर्जा असते. त्यासाठी इंजेक्शन पंपावर एक यंत्रणा बसवलेली आहे. इंधन पातळ आहे की दाट हे ओळखून पंपाने जास्तीत जास्त किती इंधन सोडायचं ती मर्यादा ती आपोआप सरकवते. संगणक नाही, सेन्सरची वायर नाही. केवळ द्रवाच्या वागण्यावर हे काम चालतं. मला या इंजिनातला सर्वांत देखणा भाग तोच वाटतो.

मग ही जात संपली का? १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिका आणि नाटोने विमानांपासून ट्रकांपर्यंत सगळ्यांसाठी रॉकेलच्या जातीचं एकच इंधन वापरायचं धोरण धरलं. काहीही पिणाऱ्या इंजिनाची गरजच सरली. पुढे एम-३५ए३ या सुधारित ट्रकात कॅटरपिलरचं इंजिन आलं. आज एलडीटी-४६५ नव्याने कुठेही बनत नाही, जगात आहेत तेवढीच आहेत. (आपल्याकडे जबलपूरला वर्षानुवर्षं बनलेला लष्कराचा शक्तिमान ट्रक याच एमएएन कंपनीच्या परवान्यावरचा. त्याचे सुटे भाग शोधणाऱ्यांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.)

इथे ‘ठेवा’ म्हणणाऱ्यांचं पारडं जड होतं: जे बनतच नाही ते विकायचं कशाला? पण या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की ठेवलेलं इंजिन आहे तसंच राहतं. ते राहत नाही.

उभं इंजिन चालत्या इंजिनापेक्षा वेगळ्या रीतीने खराब होतं, आणि पुष्कळदा जास्त वेगाने. अर्ध्या टनाहून जड असलेलं हे लोखंड रात्रभर थंड होतं. सकाळी हवा तासाभरात गरम होते, पण इंजिन गरम व्हायला बराच वेळ घेतं. त्या दरम्यान गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसा त्याच्या अंगाला ओलावा सुटतो. फरक एवढाच, की इंजिनाला हा घाम आतूनही फुटतो. क्रँक कुठेही थांबलेला असला तरी सहांपैकी काही सिलिंडरांचे व्हॉल्व्ह उघडे असतातच आणि तिथून ओली हवा थेट बोअरपर्यंत जाते. पोलादाच्या गंजाला आर्द्रतेचा एक उंबरठा असतो, हे ब्रिटिश संशोधक व्हर्नन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवलं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. ताडपत्री हा उंबरठा रोखू शकत नाही. उलट जमिनीतून येणारी वाफ ती आत कोंडून धरते.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. रिंग आणि लायनर यांच्यामधल्या बारीक फटीत तो वाढला की पिस्टन जाम होतो. जुनं तेल तसंच सोडलेलं असेल तर ज्वलनातून त्यात उतरलेली आम्लं आणि पाणी बेअरिंगचा पृष्ठभाग खात राहतात. रबरी सील एकाच जागी दबून ताठ होतात. सर्वांत नाजूक अवस्था इंजेक्शन पंपाची असते. त्याच्या प्लंजरची फट काही मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. आत राहिलेलं डिझेल वर्षानुवर्षांत चिकट होऊन तिथे लुकणासारखं बसतं. इंधनाचं प्रमाण ठरवणारा भाग असा अडकला, तर इंजिन एकतर सुरूच होत नाही, नाहीतर सुरू होताच बेफाम धावतं.

लष्कराला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून दुरुस्त करून साठवायची इंजिनं हवाबंद पोलादी डब्यात ठेवली जात. आत गंजरोधक तेल, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या आणि डब्याला आर्द्रता दाखवणारी छोटी खिडकी. खिडकीतल्या पट्टीवर कोबाल्टचा क्षार असतो, तो कोरडा असताना निळा आणि ओल लागली की गुलाबी दिसतो. अशा डब्यात निळी खूण टिकवून राहिलेलं इंजिन आणि त्याच वयाचं ताडपत्रीखालचं इंजिन कागदावर सारखी दिसतात, पण त्या दोन निराळ्या वस्तू आहेत.

तेव्हा ठेवायचं की विकायचं हे ठरवण्याआधी इंजिनाला विचारावं लागतं. त्यासाठी सेल्फ मारू नये. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडावं, ते मुरू द्यावं आणि मग लांब दांड्याने क्रँक हातानेच फिरवावा. कुठे अडलं तर जोर न करता थांबावं. नोझलच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून लायनरच्या भिंती पाहाव्यात. तळाचं तेल काढलं की आधी पाणी येतं का, तेल दुधाळ आहे का, हे पाहावं. दुरुस्ती डेपोतून आलेल्या इंजिनावर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावरची तारीख वाचावी. या इंजिनाला दोन हेड असतात आणि प्रत्येक हेड तीन सिलिंडरांवर बसतं, म्हणून दोन्ही बाजू स्वतंत्रपणे तपासाव्यात. एक बाजू उत्तम आणि दुसरी पार गेलेली असंही घडू शकतं.

समजा, तपासणीत इंजिन चांगलं निघालं. तरी एक प्रश्न उरतो: ते लागणार आहे का? इथे गणित मदतीला येतं. अमेरिकेच्या रँड संस्थेतले क्रेग शेरब्रुक यांनी १९६८ मध्ये हवाई दलाच्या दुरुस्त होणाऱ्या सुट्या भागांचा साठा कुठे आणि किती ठेवावा याचं एक प्रारूप मांडलं. त्याच्या मुळाशी प्वासाँ यांचं संभाव्यता वितरण आहे. तोच हिशेब आपण आपल्या शेडपुरता करू. समजा, हौसेने चालवलेल्या एका ट्रकाचं इंजिन सरासरी २० वर्षांत एकदा निकामी होतं. हा आकडा उदाहरणापुरता धरलेला आहे. मग पुढच्या १० वर्षांत जादा इंजिनाची एकदाही गरज न पडण्याची शक्यता येते ६१ टक्के. म्हणजे एका ट्रकाच्या मालकाने ठेवलेलं इंजिन दहा वर्षं निव्वळ वाट पाहण्याचीच शक्यता जास्त, आणि त्या सगळ्या काळात ओलावा आपलं काम करत राहणार.

आता असे दहा मालक घ्या. प्रत्येकाकडे एक ट्रक आणि आपापलं एक जादा इंजिन. दहा वर्षांत कुणाचीच गाडी अडून पडणार नाही याची शक्यता फक्त ३९ टक्के निघते, कारण एखाद्याची दोन इंजिनं जातात आणि शेजाऱ्याचं इंजिन शेडमध्ये तसंच पडून राहतं. तीच दहा इंजिनं सगळ्यांनी एकत्र ठेवली, ज्याला लागेल त्याने घ्यायचं ठरलं, तर हीच शक्यता ९८ टक्क्यांच्या वर जाते. इंजिनं तेवढीच, ट्रक तेवढेच. कुणाच्या कुलपाखाली काय आहे एवढंच बदललं.

हे आकडे पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं. ज्याच्याकडे एकच ट्रक आहे, कोरडी बंदिस्त साठवण नाही आणि चालू इंजिन निरोगी आहे, त्याने जादा इंजिन विकावं, आणि ते जाम व्हायच्या आधी विकावं. ज्याच्याकडे हवाबंद डबा आहे, किंवा दोन-तीन ट्रक आहेत, त्याने बेलाशक ठेवावं. आणि जवळपास असे ट्रक पाळणारे आणखी लोक असतील, तर विकण्याआधी सामायिक साठ्याची बोलणी करून पाहावीत. इंजिन चांगल्या जागी ठेवायचं, वर्षातून ठरावीक वेळा हाताने फिरवायचं आणि दर वेळेची नोंद त्याच्यासोबतच्या वहीत करायची, एवढी शिस्त पाळली तर हा साठा टिकतो.

तपासणीत इंजिन जाम निघालं तरी त्याला भंगाराच्या भावात जाऊ देऊ नये. वजनाने विकलेलं लोखंड थोडे पैसे देतं. पण तडा न गेलेलं हेड, सुस्थितीतला टर्बो, दुरुस्त होण्याजोगा इंजेक्शन पंप आणि सरळ क्रँक हे भाग कुणाच्या तरी चालत्या ट्रकाला आणखी अनेक वर्षं देऊ शकतात. आणि चांगलं इंजिन अखंड विकायचं ठरलंच, तर प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशनचा आकडा, शेवटचं तेल कधी बदललं, पंप मोकळा आहे की अडकलेला, हे कागदावर लिहून इंजिनाला बांधून द्यावं. दोन गिऱ्हाइकं आली आणि एकाला ते शेडमध्ये ठेवायचं असेल, दुसऱ्याचा ट्रक इंजिनाविना उभा असेल, तर दुसऱ्याकडून थोडे कमी पैसे घ्यायला माझी तरी हरकत नसेल.