पिशवी काढण्याआधी

बंगळुरूच्या बनशंकरी सेकंड स्टेजमधला आमच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना यंदा कायमचा बंद झाला. त्याच सुमारास शेजारच्या अडतिशीतल्या सुनेला एका मोठ्या इस्पितळात सांगितलं, "दोन मुलं झालीत, आता पिशवी काढून टाकू." तक्रार एवढीच की पाळीत फार रक्त जातं, तपासणीत गाठबीठ काही नव्हती. मला फार संताप आला, कारण पिशवी न काढता रक्तस्राव घटवणारा उपाय संततिनियमनाच्या साधनांतच आहे.

म्हैसूर संस्थानाने १९३० साली सरकारी संततिनियमन केंद्रं उघडली, त्याआधी १९२१ मध्ये मुंबईत र. धों. कर्व्यांनी स्वतःच्या हिमतीवर. नंतर लूप आला, तांबी आली, सरकारी उद्दिष्टं आली. ती वर्षं मी ओलांडते.

माझं दशक २००० नंतरचं. फिनलंडमध्ये १९९० पासून मिळणारी हार्मोनची तांबी तेव्हा आमच्यापर्यंत पोचली. डॉक्टरबाई धारवाडकडच्या, कन्नड-मराठी मिसळून बोलत, कागदावर चित्र काढत. उभ्या दांड्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल, सुरुवातीला त्यातलं रोज जेमतेम २० मायक्रोग्रॅम झिरपतं. त्याने गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो आणि शुक्रजंतू तिथेच अडकतात. आतलं अस्तर पातळ राहतं. हजार जणींत वर्षभरात दोघींना दिवस गेले तर गेले. साध्या तांबीने रक्तस्राव वाढू शकतो. हिने घटतो, कारण पडायला अस्तरच थोडं असतं.

हे न कळलेल्या बायकांनी माझं डोकं खाल्लं. पाळी थांबली म्हणजे घाण रक्त आत साठतं, असं महिला मंडळात ठामपणे सांगत. साठत काहीच नाही! बहुतेकींचे बीजकोश आपलं काम करतच असतात. पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतात, हे बाई आधीच सांगून ठेवत. जिला कुणी सांगितलेलं नसे, ती घाबरून तांबी काढून घेई.

बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढल्याचं २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं. तेव्हा ऊसतोड मजूर बायकांच्या वाट्याला आलेलं हे दुर्दैव मला दूरचं वाटलं नाही आणि आता तर ते भिंतीपलीकडे आलंय. शेजारच्या सुनेने मी सांगितलं म्हणून इस्पितळात हार्मोनच्या तांबीबद्दल विचारलं. उत्तर मिळालं, "ती मूल नको असणाऱ्यांसाठी. तुमच्या मिस्टरांचं ऑपरेशन झालंय ना?" अतिरक्तस्रावावरचा हा मान्य उपचार आहे, हे त्या खोलीत कुणीच तिला सांगितलं नाही. शस्त्रक्रियेची तारीख मात्र लगेच दिली.