कंपनी गेली म्हणून पॉलिसी जात नाही

‘कंपनीच गेली, आता पॉलिसी कसली नि क्लेम कसला!’ चेन्नईत साहुकारपेटच्या सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईच्या दुकानांत असो की वेलाचेरीतल्या आयटीवाल्या पोरांच्या फ्लॅटवर, आरोग्यविम्याचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. मागोमाग सल्लाही येतो : ‘ती सोडा, दुसऱ्या कंपनीची नवी कोरी काढून टाका.’ वाक्य चुकीचं आहे आणि सल्ला घातक आहे. पण दोन्ही इतक्या ठामपणे सांगितले जातात, की ऐकणाऱ्याला शंका घ्यायची लाज वाटावी.

आधी वाक्याचं बघू. विमा कंपनी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नव्हे, की एका सकाळी शटर पाडलं आणि मालक गावाला निघून गेला. १९३८च्या विमा कायद्यानुसार एका कंपनीचा व्यवसाय दुसरीकडे द्यायचा किंवा दोन कंपन्या एकत्र करायच्या, तर विमा नियामकाची म्हणजे आयआरडीएआयची मंजुरी लागते. कंपनीनं किती दाव्यांना पुरेल इतकी पुंजी बाळगायची, तेही ठरलेलं आहे. त्याला सॉल्व्हन्सी म्हणतात आणि ती किमान १५० टक्के असावी लागते. ती घसरली की नियामक कंपनीला जाब विचारू शकतो, नवा धंदा बंद करायला लावू शकतो आणि जुन्या पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे सोपवू शकतो.

ही कागदावरची गोष्ट नाही. रिलायन्स हेल्थ इन्शुरन्स ही फक्त आरोग्यविमा विकणारी कंपनी ऑक्टोबर २०१८मध्ये सुरू झाली. वर्ष व्हायच्या आतच, ऑगस्ट २०१९अखेर तिची सॉल्व्हन्सी ६३ टक्क्यांवर आली होती. नोव्हेंबर २०१९मध्ये नियामकानं आदेश काढला : १५ नोव्हेंबरपासून नवी पॉलिसी विकायची नाही आणि असलेल्या पॉलिसींची सगळी जबाबदारी रिलायन्स जनरल इन्शुरन्सकडे द्यायची. नुसती जबाबदारी नव्हे, तिच्यासोबत कंपनीकडची आर्थिक मालमत्ताही. म्हणजे क्लेम जिथे गेले तिथे पैसेही गेले. विमाधारकाला नवा अर्ज भरायचा नव्हता की वैद्यकीय तपासणी द्यायची नव्हती. अलीकडच्या काळात आरोग्यविमा कंपनी बाजारातून उठल्याचं हेच ठळक उदाहरण. त्यात पॉलिसी बुडाली नाही, ती दुसऱ्या घरी नांदायला गेली.

बाकी ज्याला लोक ‘कंपनी गेली’ म्हणतात, त्यात बहुतेक वेळा फक्त मालक बदललेला असतो. चेन्नईकरांना जवळचं उदाहरण अपोलो म्युनिकचं. ग्रीम्स रोडच्या अपोलो हॉस्पिटलच्या समूहानं आपला ५०.८ टक्के हिस्सा एचडीएफसीला विकायचं २०१९च्या जूनमध्ये ठरलं. जानेवारी २०२०त कंपनीचं नाव बदललं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती एचडीएफसी एर्गोमध्ये विलीन झाली. ‘अपोलोनं विमा विकला, म्हणजे आता अपोलोत कॅशलेस बंद’ हा तर्क ऐकायला सरळ वाटतो, पण त्याला पाया नाही. विमा कंपनीचा मालक कोण आणि कुठल्या रुग्णालयाशी तिचा कॅशलेसचा करार आहे, हे दोन वेगळे व्यवहार आहेत. करार आहे की नाही, ते रुग्णालयांची ताजी यादी सांगेल. आडनाव सांगणार नाही.

रॉयल सुंदरम तर इथलीच कंपनी. देशातल्या पहिल्या खासगी सर्वसाधारण विमा कंपन्यांपैकी एक, ऑक्टोबर २०००ची. तिची ब्रिटिश भागीदार आरएसए २०१५मध्ये २६ टक्के हिस्सा सुंदरम फायनान्सला विकून बाहेर पडली. परदेशी साहेब गेला, पॉलिसी जागच्या जागी राहिल्या.

आणखी मागे जायचं तर १९७३. सर्वसाधारण विम्याच्या राष्ट्रीयीकरणात १०७ विमा कंपन्या एकदम नाहीशा झाल्या आणि त्यांच्या चार कंपन्या झाल्या : कलकत्त्याला नॅशनल, मुंबईला न्यू इंडिया, दिल्लीला ओरिएंटल आणि मद्रासला युनायटेड इंडिया. एकट्या युनायटेड इंडियात १२ भारतीय कंपन्या, ४ सहकारी विमा संस्था आणि ५ परदेशी कंपन्यांचा इथला धंदा आला. मेडिक्लेम तेव्हा नव्हतंच, ते आलं १९८६मध्ये. पण आगीचे नि गाड्यांचे विमे होते आणि ते या चौघींकडे गेले. एवढ्या कंपन्या एका फटक्यात जाऊनही करार उरतात, हे आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच दिसलं होतं.

मग ‘गेलं सगळं’ हा समज इतका घट्ट का? माझा संशय अमेरिकेतून येणाऱ्या लेखांवर आहे. मुलगा-सून न्यू जर्सीत असतात. आईवडिलांच्या विम्याची काळजी वाटते, म्हणून ती ‘विमा कंपनी बाजार सोडून गेली तर काय करावं’ असले लेख धाडतात. तिथे युनायटेडहेल्थ, ह्युमाना, एटना या कंपन्यांनी २०१६ ते २०१८च्या सुमारास ओबामाकेअरच्या बाजारपेठा खरंच सोडल्या आणि ग्राहकांना नवा विमा शोधावा लागला. तिथला सल्ला तिथे बरोबर आहे. विमा सुटला की ६० दिवसांची खास मुदत मिळते, तेवढ्यात नवी योजना घ्यायची. शिवाय २०१४पासून तिथल्या या योजनांमध्ये जुन्या आजारासाठी थांबावं लागत नाही. नव्या कंपनीकडे कोरी पाटी घेऊन गेलं तरी दमा, मधुमेह पहिल्या दिवसापासून धरले जातात.

इथे तसं नाही. सगळी गोम याच ठिकाणी आहे.

आपल्याकडे पॉलिसीची खरी किंमत तिच्या वयात असते. समजा विट्याकडचा एक गलाईवाला. वीस वर्षं साहुकारपेटमध्ये सोनं-चांदी गाळतोय, तेजाबाच्या वाफा छातीत जाऊन दमा जडलाय. त्यानं २०२१मध्ये दमा लपवून न ठेवता पॉलिसी घेतली. जुन्या आजारासाठी तीन वर्षं थांबायचं होतं, ती २०२४मध्ये सरली. पाच वर्षं सलग झाली की मोरेटोरियमचं संरक्षणही मिळतं. म्हणजे ‘तुम्ही अमुक गोष्ट सांगितली नव्हती’ असं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. हा काळ पूर्वी आठ वर्षांचा होता, २०२४पासून तो ६० महिन्यांवर आला. हे सगळं कमावून झाल्यावर कुणीतरी सांगतं, कंपनी विकली गेली, नवी कोरी काढ. नव्या कोऱ्या पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस काहीच मिळत नाही. दम्यासाठी पुन्हा ३६ महिन्यांपर्यंत थांबणं आलं. मोरेटोरियम शून्यापासून. वय पाच वर्षांनी वाढलेलं, म्हणून हप्ताही वाढीव. कंपनीनं जे नुकसान केलं नव्हतं, ते सल्ल्यानं केलं.

नव्या पॉलिसीवर एजंटला सहसा जास्त कमिशन मिळतं, हेही जाता जाता ध्यानात असू द्यावं. सगळेच एजंट तसे नसतात. पण जो ‘पोर्ट’ (म्हणजे कमावलेला काळ सोबत घेऊन कंपनी बदलणं) हा शब्द न उच्चारता थेट ‘फ्रेश’ म्हणतो, त्याला कारण विचारायला हरकत नाही.

वाटा तीन आहेत आणि लोक त्या एकमेकींत कालवतात. पहिली म्हणजे हस्तांतरण : नियामकाच्या आदेशानं किंवा मंजुरीनं सगळ्या पॉलिसी उचलून दुसऱ्या कंपनीकडे जातात. यात तुमची निवड होत नाही, म्हणून नकारही मिळत नाही. दुसरी मायग्रेशन : कंपनी तीच, योजना वेगळी. कंपनीनं एखादी योजना बंद केली तर हा पर्याय तिला द्यावाच लागतो आणि थांबण्याचा सरलेला काळ सोबत येतो. तिसरी पोर्टेबिलिटी : तुम्ही आपण होऊन दुसऱ्या कंपनीकडे जाता. ही सोय १ ऑक्टोबर २०११पासून आहे, तरी ती फक्त मोबाइल नंबरची असते असं समजणारे अजून भेटतात.

पोर्टेबिलिटीचाही एक उलटा गैरसमज आहे, तो शिकलेल्यांमध्ये जास्त. ‘माझा हक्क आहे, त्यांना घ्यावंच लागेल.’ हक्क अर्ज करण्याचा आहे आणि कमावलेला काळ सोबत नेण्याचा आहे. तुम्हाला घ्यायचं की नाही, हे नवी कंपनी तुमचं वय आणि आजार बघून ठरवते आणि ती नाही म्हणू शकते. सरलेला काळही जुन्या विमा रकमेपुरताच धरला जातो. पाच लाखांचे दहा लाख केले, तर वरच्या पाचासाठी घड्याळ नव्यानं सुरू होतं.

मे २०२४च्या परिपत्रकानुसार जुन्या कंपनीनं ७२ तासांत तुमची माहिती द्यायची आणि नव्या कंपनीनं ती मिळाल्यावर पाच दिवसांत निर्णय कळवायचा. म्हणून नूतनीकरणाच्या आदल्या आठवड्यात धावपळ केली तरी चालेल, असं समजू नका. ४५ दिवस आधी अर्ज करण्याची जुनी शिस्त आजही सोयीची आहे. एका कंपनीनं नाकारलं तर दुसरीकडे जायला वेळ उरतो. आणि तोवर जुनी पॉलिसी मुळीच सोडायची नाही. नव्या कंपनीचा होकार हातात येईपर्यंत तीच तुमचं छप्पर आहे.

तेव्हा कंपनी विकली गेल्याचं पत्र आलं तर पहिलं काम म्हणजे हातावर हात ठेवून बसणं आणि नूतनीकरणाची तारीख न चुकवणं. पुढच्या नूतनीकरणाला मात्र कागद नीट वाचावा. पॉलिसी टिकली म्हणजे तिच्यातलं सगळं जन्मभर जसंच्या तसं राहील असं नाही. नव्या मालकानं जुनी योजना मोडीत काढून दुसरी पुढे केली, तर खोलीभाड्याची मर्यादा बदलते का, प्रत्येक बिलात तुमचा वाटा लागू होतो का, क्लेमचं काम बघणारी टीपीए कोण, हे बघायचं. विट्याला घेतलेली पॉलिसी असेल तर आणखी एक गोष्ट. ती चेन्नईत चालते, त्याची भीती नको. पण काही योजनांत छोट्या गावाचा स्वस्त हप्ता भरून महानगरात उपचार घेतले, तर बिलाचा काही भाग आपल्याला सोसावा लागतो. गावाचा पत्ता ठेवून हप्ता वाचवणाऱ्यांनी हे कलम एकदा शोधावं. न पटलं तर तेव्हा पोर्टचा अर्ज करावा, जुनी चालू असताना, शांतपणे.

इथे एक अफवा अधूनमधून उठते, की युनायटेड इंडियाच बंद होणार. तिचं मूळ आहे. २०१८च्या अर्थसंकल्पात नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तिघींचं विलीनीकरण जाहीर झालं होतं. जुलै २०२०मध्ये केंद्रानं तो बेत सोडला आणि तिघींना मिळून १२,४५० कोटींचं भांडवल द्यायचं ठरवलं. या कंपन्यांची सॉल्व्हन्सी त्यानंतरही अशक्त राहिली आहे, हे खरं आणि ते झाकायचं कारण नाही. पण विलीनीकरण झालं असतं तरी विमाधारकाचं काय झालं असतं, ते वर १९७३च्या गोष्टीत आलंच आहे.

सरकारी कार्डाबद्दलही हेच ऐकू येतं : कंपनी बदलली, कार्ड रद्दी. तमिळनाडूत करुणानिधींच्या सरकारनं जुलै २००९मध्ये सुरू केलेली कलैग्नर विमा योजना स्टार हेल्थकडे होती. सरकार बदललं आणि जानेवारी २०१२पासून मुख्यमंत्र्यांची सर्वंकष योजना युनायटेड इंडियाकडे गेली. नाव बदललं, कार्ड बदललं, कंपनीही बदलली. पण अशा योजनेत हप्ता सरकार भरतं आणि पात्रता उत्पन्नावरून ठरते. कंपनी इथे कंत्राटदार. जुन्या आजाराचं घड्याळ इथे नसतंच.

बाकीचे गैरसमज किरकोळ. ‘पासष्टीनंतर कुणी घेत नाही’ : प्रवेशाला वयाची सरसकट अट १ एप्रिल २०२४पासून राहिलेली नाही. नकार येतो तो प्रकृतीवरून. ‘ज्येष्ठांचा हप्ता वाटेल तितका वाढवतात’ : जानेवारी २०२५पासून वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं. ‘तारीख चुकली, संपलं’ : वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात भरलं तर कमावलेला काळ वाचतो, मात्र वार्षिक हप्ता असेल तर त्या मधल्या दिवसांतल्या आजारपणाचा खर्च मिळत नाही. ‘नोकरी गेली, ऑफिसचा विमा गेला’ : समूह विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, फक्त हे राजीनाम्याच्या आधी विचारायचं. ‘यादीत नाही त्या रुग्णालयात कॅशलेस नाहीच’ : जानेवारी २०२४पासून सर्वसाधारण विमा परिषदेनं ती वाट उघडली आहे. ठरवून केलेल्या उपचारासाठी ४८ तास आधी कळवायचं, तातडीच्या भरतीत ४८ तासांच्या आत. ‘हप्त्यावर १८ टक्के जीएसटी’ : वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा तो २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य झाला, समूह विम्यावर मात्र आहे.

आणि ‘मोठ्या कंपनीशी कोण भांडणार?’ चेन्नईत विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तमिळनाडूसोबत पुदुच्चेरी शहर आणि कराईकाल त्याच्याच कक्षेत येतात. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तिनं नाकारलं किंवा महिनाभर दाद दिली नाही, तर वर्षभराच्या आत इथे अर्ज करता येतो. फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. पोर्ट करताना जुना काळ धरलाच नाही, अशा तक्रारीसाठी सोबत मागच्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसींच्या प्रती जोडाव्या लागतात, म्हणून त्या फेकू नयेत.