कान वाहतो? अंगावर काढू नका!

‘‘डॉक्टर, कान लहानपणापासूनच फुटलेला आहे. पावसाळ्यात वाहतो, उन्हाळ्यात आपोआप सुकतो. त्याचं काही नाही. पण दोन दिवसांपासून तोंड वाकडं झालंय, तेवढं बघा.’’

चाळिशीतले एक शेतकरी हे सांगत होते. वारे अंगावरून गेले असेल, अशी घरच्यांची समजूत होती. पण वाहणारा कान आणि वाकडे झालेले तोंड या दोन्हींचे मूळ एकच आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. तपासणीत कानातला पू थोडाच, पण अतिशय दुर्गंधीयुक्त होता. आजार चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचला होता.

कान का फुटतो?

पडद्याच्या आत हवेने भरलेली छोटी पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. त्यात तीन चिमुकली हाडे असतात. ती आवाजाची कंपने आतल्या कानाकडे पोचवतात. ही पोकळी एका नळीने नाकाच्या मागच्या भागाला जोडलेली असते. हीच युस्टेशियन नलिका. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो.

लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दी झाली की जंतू सहज कानात जातात. पू साठतो, कान ठणकतो आणि पडदा फुटून पू बाहेर येतो. बहुतेक वेळा हे छिद्र आपोआप भरते. ते भरले नाही, की कान वर्षानुवर्षे वाहत राहतो.

दोन प्रकार ओळखा

पहिल्या प्रकारात पडद्याच्या मधल्या भागाला छिद्र असते. सर्दी झाली किंवा पाणी गेले की पातळ, चिकट स्राव भरपूर येतो. त्याला सहसा घाण वास नसतो. यात जिवाला धोका क्वचितच, पण ऐकू येणे कमी होते.

दुसरा प्रकार घातक. नळी नीट न उघडल्याने पडद्याचा वरचा भाग आत ओढला जातो. तिथे पिशवी तयार होऊन कातडीच्या मृत पेशी साठत जातात. याला ‘कोलेस्टिटोमा’ म्हणतात. नावावरून वाटते तसा हा कर्करोग नव्हे. पण तो हाड हळूहळू पोखरतो. स्राव थोडा पण कुजकट वासाचा असतो, कधी त्यात रक्तही दिसते. कान फारसा दुखत नाही, म्हणून रुग्ण फसतो. पुढे चक्कर येणे, चेहऱ्याचा पक्षाघात, मेंदूज्वर किंवा मेंदूत पू होणे इथपर्यंत मजल जाते.

शस्त्रक्रिया कोणती?

काही मुलांच्या मध्यकर्णात पडदा शाबूत असतानाच चिकट पाणी साठते. मूल हाक मारली तरी लक्ष देत नाही, टीव्हीचा आवाज वाढवते. आपण त्याला हट्टी ठरवतो! हे पाणी बहुधा तीन महिन्यांत आपोआप ओसरते. तसे न झाल्यास आणि ऐकण्यावर परिणाम होत असल्यास पडद्याला बारीक छेद देऊन ‘ग्रोमेट’ नावाची इवलीशी नळी बसवतात. साधारण सहा महिने ते वर्षभरात ती स्वतःच गळून पडते. नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ वाढलेली असेल, तर तीही काढावी लागते.

पडद्याचे छिद्र बुजवण्याच्या शस्त्रक्रियेला ‘टिंपॅनोप्लास्टी’ म्हणतात. कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूवरील पातळ आवरण काढून त्याचे ठिगळ पडद्याला लावतात. दुर्बिणीखाली होणाऱ्या या शस्त्रक्रियेत साधारणतः दहापैकी आठ-नऊ रुग्णांचे छिद्र बुजते. हाडांची साखळी तुटली असेल, तर तीही जोडता येते.

कोलेस्टिटोमावर मात्र औषध नाही. कानामागचे हाड कोरून आजार समूळ काढणे, म्हणजेच ‘मॅस्टॉइडेक्टमी’, हाच उपाय. यात आधी जीव वाचवायचा, मग ऐकू येणे, हा क्रम लक्षात ठेवावा. आजार पुन्हा उद्‌भवू शकतो, म्हणून नंतरही नियमित तपासणी हवी.

ही पथ्ये पाळा

* वाहत्या कानात तेल, लसणाचा रस किंवा मनाने आणलेले थेंब घालू नका. काडी, पिन तर नकोच.
* अंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानात ठेवा. विहिरीत, नदीत पोहणे टाळा.
* तान्ह्या बाळाला आडवे झोपवून दूध पाजू नका.
* शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे नाक जोरात शिंकरू नका. शिंक आल्यास तोंड उघडे ठेवा. जड ओझे उचलू नका.
* ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या, चक्कर, कानामागे सूज किंवा तोंड वाकडे होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

खर्चाच्या धास्तीने थांबू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांची सोय असलेल्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

त्या शेतकऱ्यावर तातडीने शस्त्रक्रिया झाली. चेहरा हळूहळू सुधारला; पण त्या कानाने त्यांना आता फारच कमी ऐकू येते. ‘‘दहा वर्षं आधी यायला हवं होतं,’’ असे ते म्हणाले. तुमच्या घरात कुणाचा कान वाहत असेल, तर ही दहा वर्षे वाया घालवू नका.