अथेना : समोरच्या यंत्रावर भरवसा न ठेवणारी व्यवस्था

अभियांत्रिकी महाविद्यालयात मॅटलॅब हे आकडेमोडीचे सॉफ्टवेअर कुठे मिळेल, असे विचारले तर उत्तरादाखल बहुधा एखाद्या लॅबचा नंबर मिळतो. सॉफ्टवेअर त्या खोलीतल्या यंत्रांना बांधलेले. खोलीला कुलूप लागले की तेही बंद. ही गाठ सोडवण्याचा मोठा आणि विचारपूर्वक प्रयत्न अमेरिकेतल्या एमआयटीने 1983 मध्ये सुरू केला. डिजिटल इक्विपमेंट आणि आयबीएम या कंपन्या सोबत होत्या, प्रकल्पाचे नाव अथेना. 1991 मध्ये प्रकल्प संपला, पण व्यवस्था पुढे चालू राहिली. कॅम्पसवर सॉफ्टवेअरचे केंद्रीय वाटप करणारी उत्पादने आज सर्व्हरच्या ताकदीची जाहिरात करतात. अथेनाचा अनुभव पाहिला तर खरी मेख वेगळीकडेच दिसते: टेबलावरच्या संगणकाला किती बिनमहत्त्वाचे करता येते, यावर सगळे अवलंबून आहे.

अथेनाच्या सार्वजनिक यंत्रात विद्यार्थ्याचे स्वतःचे असे काहीच नसे. त्याच्या फाइली सर्व्हरवर आणि सॉफ्टवेअरही तिथेच, 'लॉकर' नावाच्या कप्प्यांत. 'अ‍ॅड मॅटलॅब' एवढे टाइप केले की तो लॉकर नेटवर्कवरून यंत्राला जोडला जाई. इन्स्टॉल करण्याची भानगड नाही. लॉकरमधली आवृत्ती बदलली की कॅम्पसभर बदलली. आकडेमोड मात्र समोरच्या यंत्राचाच प्रोसेसर करी. याहून धाडसी गोष्ट पुढेच आहे. या यंत्रांचा रूट पासवर्ड, म्हणजे यंत्रावर सर्वाधिकार देणारा पासवर्ड, गुप्त नव्हता. 'टेलमी रूट' अशी आज्ञा दिली की तो पडद्यावर हजर! आपल्याकडच्या लॅब असिस्टंटला ऐकूनच घाम फुटेल. पण यामागे पक्का हिशेब होता. यंत्रासमोर बसलेला माणूस त्यात वाटेल ते फेरफार करू शकतो, हे गृहीतच धरलेले. म्हणून ओळख पटवण्याचे काम कर्बेरॉस या स्वतंत्र व्यवस्थेकडे दिले. लॉगिन करताना पासवर्ड नेटवर्कवर जातच नाही. सर्व्हर कूटबद्ध उत्तर पाठवतो, ते खऱ्या पासवर्डनेच उलगडते, आणि त्यातून मिळालेल्या तिकिटाची मुदत काही तासांत संपते. हक्क माणसाला मिळाला, यंत्राला नाही.

नेटवर्कच बसले तर काय, हा पहिला आक्षेप आणि तो रास्त आहे. अथेनाने पुढे वापरलेल्या, कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेल्या एएफएस फाइल व्यवस्थेत सॉफ्टवेअरच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवता येतात आणि वापरलेला भाग स्थानिक डिस्कवर साठतो. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. मायक्रोसॉफ्टने 2006 मध्ये सॉफ्ट्रिसिटी ही कंपनी घेतली. तिच्यातूनच आलेले अ‍ॅप-व्ही हे सॉफ्टवेअर पुरवणारे उत्पादनही लागेल तेवढा भाग आधी आणून साठवते, शिवाय प्रत्येक सॉफ्टवेअरला आपली वेगळी रजिस्ट्री, म्हणजे सेटिंग्जची नोंदवही, दाखवते, त्यामुळे दोन प्रोग्रॅम एकमेकांच्या सेटिंग्ज बिघडवत नाहीत. याउलट दुसऱ्या एका पद्धतीत सॉफ्टवेअर सर्व्हरवरच चालते आणि आपल्याकडे फक्त चित्र येते. तिथे नेटवर्क अडखळले की माउसही अडखळतो. घरच्या जुन्या लॅपटॉपसाठी ती ठीक आहे, पण चांगले संगणक असलेल्या लॅबमध्ये ती निव्वळ उधळपट्टी. लायसन्सचा खर्च यातल्या कशानेच आपोआप घटत नाही. एका वेळी ठरावीक जणच वापरू शकतील असे लायसन्स असेल, तर सबमिशनच्या आदल्या रात्रीची टंचाई तशीच राहते.

सगळ्यात वजनदार आक्षेप सत्तेचा आहे: सारे केंद्रात गेले की काय वापरायचे तेही आयटी विभागच ठरवणार. अथेनात मात्र एसआयपीबी या विद्यार्थ्यांच्याच संगणक मंडळाचा स्वतःचा लॉकर होता; त्यात मुलांनी जुळवलेली, सांभाळलेली सॉफ्टवेअर असत आणि ती कॅम्पसवर कुणीही जोडून घेऊ शके. साठा केंद्रात असूनही ठेवण्याचा अधिकार वाटलेला होता. विंडोज 2000 पासून मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या नेटवर्कवर लॉगिनसाठी कर्बेरॉसच स्वीकारले, म्हणजे पुण्या-मुंबईच्या कितीतरी कचेऱ्यांत ते रोज वापरात आहे. अथेनाचे कुलूप तिथे पोचले. मुलांचा लॉकर मागेच राहिला. अशी व्यवस्था विकत घेणाऱ्या आपल्या महाविद्यालयांनी निविदेतच विचारावे: सॉफ्टवेअर चालणार कुठे, नेटवर्क गेले तर काय चालू राहील, आणि विद्यार्थ्यांना स्वतःचा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी ठेवता येईल का? तिसऱ्याचे उत्तर नाही असेल, तर करारावर सही करू नये.